वऱ्हाडी नावे, डेटाबेस आणि चाचणीची कसोटी

संकेतस्थळे व त्यांवर चालणारी कार्यालयीन उपयोजने उभारण्यासाठी ज्या आयत्या चौकटी आज वापरात आहेत, त्यांत 'जँगो' ही एक प्रमुख होय. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, लॉरेन्स येथील एका वृत्तपत्राच्या कार्यालयात २००३ साली तिचा उगम झाला व जुलै २००५ मध्ये ती सर्वांसाठी खुली करण्यात आली. पोस्टग्रेस्क्यूएल, मायएस्क्यूएल, मारियाडीबी, ओरॅकल व एस्क्यूलाइट या पाच डेटाबेसांना ती अधिकृतपणे आधार देते. आज्ञावली एकदाच लिहावी आणि तिच्याखालील डेटाबेस सोयीप्रमाणे निवडावा, असा या चौकटीचा हेतू आहे. मराठी मजकुराच्या बाबतीत हा हेतू कितपत सिद्धीस जातो व त्याची परीक्षा कशी घ्यावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

उदाहरणादाखल, यवतमाळ जिल्ह्यातील नेर तालुक्यात एखाद्या सहकारी संस्थेने आपल्या सभासदांची नोंदवही संगणकावर आणली, असे समजू. या भागात 'वऱ्हाडे' हे आडनाव आढळते. वाचकाच्या दृष्टीने त्यात तीनच अक्षरे आहेत. संगणक मात्र युनिकोडमधील संकेतांक मोजतो, आणि हे आडनाव तीन प्रकारे साठविले जाऊ शकते. पहिल्या प्रकारात ऱ या वर्णाचा स्वतंत्र संकेतांक, म्हणजे ०९३१, योजिलेला असतो. तेव्हा एकूण संकेतांक सात होतात. दुसऱ्या प्रकारात साधा र व त्याखालील नुक्ता हे वेगळे लिहिले जातात. तिसऱ्या प्रकारात र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह यांचा मेळ घातलेला असतो. या दोन्ही प्रकारांत संकेतांक आठ भरतात. कोणता प्रकार नोंदला जाईल, हे टंकनाच्या साधनावर अवलंबून असते. पडद्यावर तिन्ही रूपे सारखीच दिसतात.

आता शोध घेतला असता काय होते ते पाहावे. पोस्टग्रेस्क्यूएल व एस्क्यूलाइट हे आपल्या मूळ रचनेत संकेतांक जसेच्या तसे ताडून पाहतात. त्यामुळे एका रूपात नोंदलेला सभासद दुसऱ्या रूपाने शोधल्यास सापडत नाही. 'नाव यादीत नाही' असे उत्तर मिळते. मायएस्क्यूएलच्या ८.० या आवृत्तीपासून जो वर्णक्रम मूलतः लागू असतो, तो नुक्त्यासारख्या गौण चिन्हांकडे व अदृश्य जोडचिन्हाकडे दुर्लक्ष करतो. तेथे तिन्ही रूपे एकच ठरतात खरी. परंतु त्याच न्यायाने 'दर्या' आणि 'दऱ्या', तसेच 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' हेही शब्द एक ठरतात. म्हणजे एक डेटाबेस समान गोष्टींत भेद करतो, तर दुसरा भिन्न गोष्टींतील भेद पुसून टाकतो. आज्ञावलीतील एक अक्षरही न बदलता हा फरक पडतो.

यादीच्या क्रमाचीही तीच स्थिती आहे. युनिकोडमध्ये ळ हा वर्ण ल आणि व यांच्या मध्ये बसविलेला आहे. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. म्हणून केवळ संकेतांकांच्या क्रमाने काळे, कावळे, कासार अशी यादी निघते. मराठी क्रमाने ती कावळे, कासार, काळे अशी हवी. 'क्षीरसागर' हे नावही मराठी कोशाप्रमाणे शेवटी न जाता क च्या गटात अडकते.

ही उणीव चाचणीत का उघडकीस येत नाही? जँगो चाचणीसाठी वेगळा डेटाबेस निर्माण करते आणि बहुतेक चाचण्यांत प्रत्येक चाचणीनंतर केलेले फेरफार मागे घेते. त्यामुळे खऱ्या नोंदींना धक्का लागत नाही. ही सोय उत्तमच आहे. परंतु वेग साधावा म्हणून पुष्कळ जण चाचणी एस्क्यूलाइटवर घेतात व प्रत्यक्ष काम दुसऱ्या डेटाबेसावर चालवितात. एस्क्यूलाइट मजकुराची ठरविलेली कमाल लांबी पाळण्याचा आग्रह धरीत नाही, पोस्टग्रेस्क्यूएल धरतो. ओरॅकल रिकामा मजकूर व मूल्याचा अभाव यांत भेद मानीत नाही. तेव्हा एका ठिकाणी उत्तीर्ण झालेली चाचणी दुसऱ्या ठिकाणची ग्वाही देऊ शकत नाही.

चौकटीच्या कर्त्यांना याची जाणीव आहे. प्रत्येक डेटाबेसाला काय साधते व काय साधत नाही, याची नोंद जँगोच्या अंतर्रचनेतच ठेवलेली असते, आणि तीनुसार कोणत्या चाचण्या कोठे लागू कराव्यात हे ठरते. एप्रिल २०२१ मधील ३.२ या आवृत्तीपासून एखाद्या रकान्यासाठी वर्णक्रम आज्ञावलीतच निश्चित करता येतो. पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये १० व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, आयसीयू या संग्रहातील वर्णक्रम उपलब्ध आहेत; त्यांत ळ ला ह नंतर स्थान देणारा मराठीचा क्रमही आहे.

तरीही काही भार उपयोजन लिहिणाऱ्यावरच राहतो. नाव साठविण्यापूर्वी ते एका प्रमाण रूपात आणणे आवश्यक आहे. युनिकोडच्या प्रमाणीकरणाने पहिली दोन रूपे एक होतात. अदृश्य जोडचिन्हाचे तिसरे रूप त्याने बदलत नाही, त्यासाठी निराळा नियम लिहावा लागतो. चाचणी ज्या डेटाबेसावर काम चालावयाचे त्याच्याच त्याच आवृत्तीवर घ्यावी, आणि तीत रोमन नमुन्यांऐवजी वऱ्हाडे, काळे, क्षीरसागर अशी नावे असावीत. डेटाबेस बदलताना याच चाचण्या पुन्हा चालवाव्यात.

नोंदवहीत नाव असूनही ते न सापडल्यास सभासदाचा मतदानाचा वा कर्जाचा हक्क अडून राहतो, आणि त्याचे कारण त्याला किंवा लिपिकाला पडद्यावर दिसण्याचा संभव नाही. ते दाखवून देणे हे चाचणीचे काम आहे.