बापूचा नकार आणि मित्राचा एकटेपणा

गुजरातमधील पहिली समलिंगी अभिमान-यात्रा सुरतेत निघाली ती 6 ऑक्टोबर 2013 रोजी. दिल्ली उच्च न्यायालयाच्या 2009 च्या निकालामुळे प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध त्या दिवशी गुन्हा नव्हते. अवघ्या दोन महिन्यांत, 11 डिसेंबरला, सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला. सुरतेच्या रस्त्यावरून चाललेली माणसे तीच राहिली. कायद्याच्या नजरेत मात्र ती पुन्हा गुन्हेगार ठरू शकत होती. ही टांगती तलवार 6 सप्टेंबर 2018 रोजी दूर झाली.

कायद्याची कोंडी अशी तारखांत सांगता येते. मनाच्या कोंडीकडे मराठी रंगभूमीने मात्र त्याच्या कितीतरी आधी पाहिले होते. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ 1981 मध्ये विनय आपटे यांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आले. मित्रा साकारली रोहिणी हट्टंगडी यांनी. काळ स्वातंत्र्यपूर्व, वातावरण महाविद्यालयाचे. बुजरा बापू सुमित्रा देव ऊर्फ मित्राकडे ओढला जातो. मित्रा एका नाटकात पुरुषाची भूमिका करते आणि तिचे मन जडते समोरच्या नायिकेवर, नमावर. नमाच्या आयुष्यात मन्या दळवी आहेच.

आपल्याकडील प्रेमकथांनी प्रेक्षकाला एक सवय लावली आहे. नायक चिकाटी सोडत नाही आणि शेवटी नायिकेचा नकार होकारात बदलतो. इथे ती चिकाटी निरुपयोगी ठरते. मित्राचा नकार हा बापूच्या रूपावरचा किंवा स्वभावावरचा शेरा नव्हेच. तिला पुरुषाची ओढच नाही. हे उमगल्यावरही बापू तिची साथ सोडत नाही, आणि नाटकाचे खरे बळ त्याच्या या अवघडलेल्या मैत्रीत आहे. मित्रा हट्टी आहे, प्रसंगी स्वार्थीही. तेंडुलकरांनी तिला दयेची मूर्ती केले नाही, हे बरेच झाले.

इफ्फीमुळे स्पॅनिश चित्रपटांशी परिचय असलेल्या गोमंतकीय रसिकाला हाच विषय विनोदातही पाहता येतो. इनेस पारिस आणि दानिएला फेखेरमान यांच्या 2002 च्या चित्रपटाचे नावच मुळी ‘माझ्या आईला बायका आवडतात’ असे आहे. आई एका तरुणीच्या प्रेमात पडते आणि स्वतःला पुढारलेल्या समजणाऱ्या तिन्ही मुली ते नाते मोडायला निघतात. हसू येते ते मुलींचे, आईचे नव्हे. स्पेनने समलिंगी विवाहाला 2005 मध्ये मान्यता दिली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 17 ऑक्टोबर 2023 रोजी ती देण्यास नकार दिला.

विनोदी कथेत पात्रांना शेवटी एकत्र जगण्यासाठी घर लागते. मित्राला तसे घर कुठेच नव्हते. नमा दूर जाते, मित्रा आयुष्य संपविते आणि गोष्ट सांगायला मागे उरतो तो बापू.