मुठ्यांचा पावसाळा

कर्जत-खालापुरात भातकापणी सुरू झाली आणि बांधावरचे खेकडे, म्हणजे आपले मुठे, दिसेनासे झाले. चार महिने मात्र त्यांचंच राज्य होतं. मुलांनो, त्यांचा हा पावसाळा कसा गेला ते सांगतो.

मृगाचा पहिला दणकेबाज पाऊस रात्री कोसळला, खांडसकडच्या ओहोळांना पाणी आलं आणि माणसं बॅटऱ्या घेऊन बाहेर पडली. कारण उघड आहे, मुठेही त्याच रात्री बाहेर पडतात. काळपट पाठ, तिरकी धाव, एक डेंगा मोठा नि एक लहान. उन्हाळाभर ते बिळाच्या तळाशी, ओल असेल तिथे पडून होते. आता कुजका पाला, किडे, मेलेला मासा, त्यांना काहीही चालतं. भाताची कोवळी रोपंही चालतात, म्हणून शेतकऱ्याचं त्यांच्याशी पटत नाही.

खेकडा माशासारखा कल्ल्यांनी श्वास घेतो. मग बांधावर हिंडतो कसा? त्याचे कल्ले पाठीच्या कवचाखालच्या पोकळीत असतात आणि ते ओले आहेत तोवर हवेतला प्राणवायूही त्याला मिळतो. उत्तर ध्रुवाकडचा वॉलरस समुद्रात पोट भरतो, पण श्वासासाठी त्याला पाण्याच्या वर डोकं काढावं लागतं. आपल्या मुठ्याचं नेमकं उलटं: हिंडायला जमीन चालते, पण ओलीसाठी खाली उतरावंच लागतं.

पाऊस स्थिरावल्यावर एका मादीला पाठीकडून अलगद उचलून पाहिलं. नराच्या पोटाखालची दुमडलेली पट्टी अरुंद असते, मादीची रुंद आणि गोलसर. ती पट्टी जरा हलली आणि आत मुगाएवढी पिल्लं एकमेकांवर चढलेली दिसली, आठ पाय नि दोन डेंगे धरून पुरती खेकडीच! समुद्रातल्या चिंबोरीची अंडी लाखांनी असतात आणि तिची पिल्लं आधी वेगळ्याच रूपात पाण्यावर तरंगतात. ओहोळात असं तरंगणारं पिल्लू पहिल्याच लोंढ्यात उल्हास नदीला लागेल. म्हणून मुठ्याची मादी थोडीच पण मोठी अंडी घालते आणि पिल्लं सुटी होईपर्यंत पोटाशीच बाळगते. अशी मादी हाती लागली तर सोडून द्यावी; रश्शाला बाकीचे पुष्कळ आहेत.

मग कात टाकणं. कवच वाढत नाही, खेकडा वाढतो. मागच्या बाजूने कवच उकलतं आणि तो पाठमोरा बाहेर सरकतो, मऊ, लिबलिबीत, कुणीही गिळावा असा. नवं कवच टणक होईपर्यंत तो लपून बसतो. तुटलेला डेंगाही अशाच वेळी पुन्हा फुटतो, आधी लहानसा.

मुठे लपतात त्या बिळांवरून आठवलं. जुलै 2019 मध्ये चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, माणसं गेली आणि तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी खापर खेकड्यांवर फोडलं. शेताचा बांध खेकडे पोखरतात हे खरंच. पण धरणाच्या गळतीची तक्रार गावकरी आधीपासून करत होते, आणि दुरुस्ती काही खेकड्यांकडे नव्हती.

दसऱ्यानंतर जमीन आवळू लागली तसे मुठे खोल जाऊ लागले. पाणी खाली जाईल तसं बीळही खाली जातं. चैत्रात ते खणायचं तर कातकरी बायांनाही घाम फुटतो. राजनाला कालव्याच्या काठाला मात्र एवढं खोल जायची गरज नाही. भिवपुरीच्या वीजघरात 1922 पासून वीज तयार होते, तिथून सुटणारं पाणी या कालव्याला मिळतं आणि त्यावर इथे उन्हाळी भातही पिकतं.