त्वचेची दुखणी (6) : औषध घेऊन उन्हात बसताना

मागच्या लेखात सोरायसिसच्या मलमांविषयी लिहिले. आता उन्हाकडे वळू. वडूज परिसरात उन्हाला तोटा नाही, म्हणून हा उपचार सोपा वाटतो. आणि मग कुणीतरी कानात सांगते, ‘‘त्यानं कॅन्सर होतो म्हणे.’’

या उपचाराला पुवासोल म्हणतात. सोरालेनची गोळी घ्यायची आणि दोनेक तासांनी ठरावीक मिनिटे उन्हात उभे राहायचे. आपल्याकडे कोडावर पूर्वापार वापरल्या जाणाऱ्या बावचीच्या बियांतही हेच द्रव्य असते. सोरायसिसमध्ये त्वचेच्या पेशी महिन्याऐवजी चार-पाच दिवसांतच वर येतात, म्हणून खपल्या धरतात. सोरालेन पेशीच्या डीएनएत शिरते आणि अतिनील-ए किरण पडले की त्याचे दोन्ही धागे एकमेकांना जखडते. वाढ मंदावते, चट्टा बसतो. पण डीएनएला झालेली हीच इजा पुढे कॅन्सरचे कारण ठरू शकते.

भीती आली ती अमेरिकेतून. तिथे 1974 साली यंत्रातल्या किरणांनी हा उपचार सुरू झाला आणि 1975 पासून 16 केंद्रांतल्या 1380 रुग्णांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवले गेले. ज्यांनी शेकडो बैठका घेतल्या, त्यांच्यात त्वचेचा स्क्वॅमस पेशींचा कॅन्सर बराच वाढलेला दिसला. हे रुग्ण प्रामुख्याने गोरे होते. सावळ्या कातडीतले मेलॅनिन किरण अडवते. आशियाई रुग्णांच्या पाहण्यांत तशी वाढ दिसलेली नाही. त्या पाहण्या लहान आहेत, हेही ध्यानात ठेवावे.

माझ्या मते इथला खरा धोका मोजमापाचा आहे. यंत्राची मात्रा मोजता येते. चैत्रातल्या दुपारची आणि श्रावणातल्या उघडिपीची मात्रा कशी मोजणार? म्हणून सुरुवात पाचेक मिनिटांनी करतात आणि वेळ हळूहळू वाढवतात. गोळी घेऊन दिवसभर भांगलणीला गेलात, तर तो उपचार राहत नाही. कातडी भाजते, फोड येतात. बावचीचे तेल चोळून उन्हात बसणाऱ्यांचे हाल तर विचारू नका. गोळीच्या दिवशी काळा गॉगल संध्याकाळपर्यंत हवा, एसटीत खिडकीशी बसलात तरी. साध्या काचेतून अतिनील-ए किरण आत येतात. पुरुषांनी जननेंद्रिय झाकावे, तिथला धोका अमेरिकेत ठळक दिसला आहे.

दुसरा पर्याय नॅरोबँड यूव्हीबीचा, म्हणजे अतिनील-बी किरणांचा. त्याच्या यंत्रात सोरालेन लागत नाही आणि कॅन्सरचा धोकाही आजवर ठळक दिसलेला नाही. पण आठवड्यातून दोन-तीनदा सातारा-कराड गाठायचे म्हणजे भाडे गेले आणि रोजही बुडाला. त्यामुळे पुवासोल सोडा, असे मी म्हणणार नाही. एक वही करा. तारीख, वेळ, मिनिटे लिहा आणि प्रत्येक भेटीत ती डॉक्टरांना दाखवा. न भरणारी जखम किंवा वाढती गाठ दिसली, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

पुढील आठवड्यात : मेथोट्रेक्झेट, आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी.