महीनचे घोडे आणि कोलकात्याचा रॉक

‘गँगस्टर’ (२००६) या चित्रपटातलं ‘भीगी भीगी’ आपल्याकडे कॉलेजच्या कट्ट्याकट्ट्यावर वाजत होतं. ते गायलं बांगलादेशच्या जेम्स या रॉक गायकाने, पण चाल कोलकात्याची. ‘महीनेर घोडागुली’ या बँडच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ‘पृथिबीटा नाकि छोटो होते होते’ या बंगाली गाण्याची ती चाल. हिंदीत ती गाजली तेव्हा हा बँड मोडून पंचवीस वर्षं झाली होती आणि त्याचा म्होरक्या गौतम चट्टोपाध्याय हयात नव्हता.

बंगाली रॉकची सुरुवात ज्या बँडपासून मानतात तो हाच. त्याआधी कोलकात्यात रॉक नव्हता असं मुळीच नाही. पार्क स्ट्रीटवर ट्रिंकाज, ब्लू फॉक्स, मुलाँ रूज अशी एकाहून एक ठिकाणं होती आणि संध्याकाळ झाली की तिथे गिटारी वाजू लागत. गौतमही तिथे वाजवत असे. पण तिथली गाणी इंग्रजी. बाहेरही बऱ्याच ठिकाणी तीच रीत होती. हॉलंडमधल्या हेग शहरात १९६१ साली सुरू झालेला ‘गोल्डन इयरिंग’ हा हार्ड रॉक बँड २०२१ पर्यंत टिकला, त्याचं ‘रडार लव्ह’ (१९७३) समुद्रापार गाजलं, तेही इंग्रजीतच. मुंबईत १९८४ साली निघालेला ‘रॉक मशीन’, पुढचा ‘इंडस क्रीड’, हाही इंग्रजीत गाणारा. गौतमने मात्र पार्क स्ट्रीटवरची गिटार दक्षिण कोलकात्यातल्या नाकतला भागात घरी नेली आणि बंगालीत गायला सुरुवात केली.

हा माणूस प्रेसिडेन्सी कॉलेजचा विद्यार्थी, नक्षल चळवळीत ओढला गेलेला, त्यापायी तुरुंगात गेलेला. सुटल्यावर काही काळ त्याने मध्य प्रदेशात काढला. परत आला आणि १९७५ च्या सुमारास घरातल्यांनाच हाताशी धरून त्याने बँड उभा केला. प्रदीप आणि विश्वनाथ हे सख्खे भाऊ, नात्यातला रंजन घोषाल, जोडीला तापस दास, तपेश बंद्योपाध्याय आणि व्हायोलिन वाजवणारा अब्राहम मजुमदार. असे सात जण, म्हणून आधीचं एक नाव होतं ‘सप्तर्षी’. मग ‘तीरंदाज’ झालं, ‘गौतम चट्टोपाध्याय बीएससी ओ संप्रदाय’सुद्धा झालं. शेवटी जीवनानंद दास यांच्या ‘घोडा’ या कवितेतले, चांदण्यात चरणारे महीनचे घोडे नावात आले आणि तेच टिकलं. रॉक बँडने आपल्या भाषेतल्या सर्वांत अवघड आधुनिक कवीकडून नाव उचलावं, हे मला फार मोलाचं वाटतं.

१९७७ साली पहिली तबकडी आली: ‘संबिग्न पाखिकूल ओ कोलकाता विषयक’. तिच्यातलं ‘हाय भालोबाशि’ जरूर ऐका. गिटारवर सुरू होतं, आणि गाणारा आपल्याला आवडणाऱ्या गोष्टी सांगत जातो. त्यात निसर्ग आहे, पिकासो आहे, बुनुएल आहे, बीटल्स आणि डिलन आहेत, आपले रविशंकर आणि अली अकबरही आहेत. एवढं सगळं आवडतं म्हणतो आणि ध्रुवपदाशी येऊन सांगतो की तरीही काहीच बरं वाटत नाही. गळा काढत नाही, आवाज चढवत नाही. ज्या शहरातली तरुण पोरं नुकतीच गोळ्यांना आणि तुरुंगाला सामोरी गेली होती, आणीबाणी नुकतीच उठली होती, त्या शहराची उदासी इतक्या हलक्या हाताने दुसऱ्या कुणी टिपलेली मी ऐकलेली नाही.

१९७८ आणि १९७९ मध्ये आणखी दोन छोट्या तबकड्या निघाल्या. तिन्ही मिळून गाणी दहासुद्धा भरत नाहीत. बाउल, जॅझ, लोकगीत, रॉक हे सगळं एकाच पंगतीत बसवलेलं. रवींद्रसंगीत आणि चित्रपटगीतांवर पोसलेल्या श्रोत्यांना ते पचलं नाही. रवींद्र सदनात कार्यक्रम झाला, १९८० च्या जॅझ महोत्सवातही ते वाजले, पण पोट भरेना. १९८१ मध्ये बँड मोडला. विश्वनाथ अमेरिकेला गेला, रंजन बंगळूरला. गौतमने चित्रपट केले. ‘नागमती’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

या बँडची खरी थोरवी दिसते ती पुढे. १९९५ साली गौतमने ‘आबार बछर कुडि परे’ ही कॅसेट काढली आणि ती कोलकाता पुस्तक मेळ्यात विकायला आली. तिच्यावर नाव महीनच्या घोड्यांचं, पण गाणारे-वाजवणारे बरेचसे नव्या दमाचे: ‘क्रॉसविंड्ज’, ‘गडेर माठ’ अशा बँडमधली मुलं. गौतमने स्वतःकडे घेतली संपादकाची भूमिका. नियतकालिकाचा संपादक नव्या लेखकांना जागा देतो तशी त्याने आपल्या बँडच्या नावाखाली जागा दिली. ‘पृथिबीटा’ याच कॅसेटमधलं. आणखी तीन संग्रह त्याच पद्धतीने निघाले. जुनी गाणी पुन्हा विकून चार पैसे मिळवणं सोपं होतं. गौतमने त्याऐवजी कमावलेलं नाव पोरांच्या हवाली केलं. २० जून १९९९ रोजी तो गेला.

त्याच्या आदल्याच वर्षी कोलकात्यात ‘फॉसिल्स’ सुरू झाला होता. हा मात्र खराखुरा हार्ड रॉक, कानठळ्या बसवणारा. गायक रूपम इस्लामचा ताणलेला, दुखरा आवाज आणि त्यामागे डिस्टॉर्शन लावलेल्या गिटारी. २००२ मध्ये पहिला अल्बम आला. ‘हास्नुहाना’, ‘एकला घर’ ही गाणी एकटेपणाबद्दल, मनाच्या अंधाऱ्या कोपऱ्यांबद्दल. आणि मैदानं भरून पोरं ती शब्दन्‌शब्द म्हणतात. चाहत्यांची ‘फॉसिल्स फोर्स’ नावाची संघटनाच आहे. रूपमला ‘महानगर@कोलकाता’ या चित्रपटातल्या गाण्यासाठी पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. घोड्यांचा आणि ‘फॉसिल्स’चा आवाज एकमेकांशी मिळत नाही, पण बंगालीत रॉक गाता येतो का, हा प्रश्न रूपमच्या पिढीला पडला नाही. तो आधीच सुटलेला होता.

रंजन घोषाल २०२० मध्ये गेले, तापस दास २०२३ मध्ये. गौतमचा मुलगा गौरव ‘लक्ष्मीछाडा’ या बँडचा ड्रमर. मराठीत गिटार हातात घेतलेल्या मुलामुलींनी महीनच्या घोड्यांच्या १९७७ च्या तबकडीतली चार गाणी एकदा सलग ऐकावीत, आणि मग मर्ढेकर, कोलटकर काढून बसावं.