आधी भूमिपरीक्षा, मग गृहप्रवेश

‘घर पाहावे बांधून’ ही म्हण ज्या काळी रूढ झाली, त्या काळी घर बांधणारा गृहस्थ रोज सकाळी चौथऱ्यापाशी उभा राहून चुना कसा मळला आहे, वीट किती भाजली आहे, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहत असे. आज बहुतेक गृहस्थ घर बांधीत नाहीत; ते विकत घेतात, आणि पुष्कळदा भिंती उभ्या राहण्यापूर्वीच, नुसत्या नकाशावर बोट ठेवून घेतात. त्यामुळे म्हणीतील दगदग कमी झाली हे खरे. परंतु तीतील ‘पाहावे’ हा जो मर्माचा शब्द, तोही दगदगीबरोबर गळून पडला की काय, अशी आम्हांस शंका येते.

पिंपरी-चिंचवड व चाकण ह्या कारखान्यांच्या पट्ट्यात ही शंका विशेष बळावते. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला; १९६२ साली राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ निघाले, आणि भोसरी-चिंचवडकडील शेतांच्या जागी धुराडी दिसू लागली. लोकांस रीतसर वसविण्यासाठी १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण आले, १९८२ साली महानगरपालिका झाली, आणि पुढे मोटारींच्या कारखान्यांनी चाकणचा माळ व्यापला. वऱ्हाड, मराठवाडा, खानदेश, कोकण अशा दूरदूरच्या प्रांतांतून तरुण येथे येतात, काही वर्षे भाड्याच्या खोलीत काढतात, आणि मग पहिल्या घराचा विचार करू लागतात. त्या विचारात वडिलांचा भविष्यनिर्वाह निधी, आईच्या पाटल्या, थोरल्या भावाची शिल्लक व बँकेचे वीस वर्षांचे कर्ज एकत्र येते. म्हणून पहिले घर हे एका जोडप्याचे नव्हे, तर साऱ्या कुटुंबाचे कार्य आहे. आणि जे पैसा देतात त्यांनी प्रश्नही विचारले पाहिजेत.

आपल्या पूर्वजांनी ह्या कार्याचा आरंभ भिंतीपासून नव्हे, तर भूमीपासून केला होता. आश्वलायन गृह्यसूत्रात भूमिपरीक्षेची एक साधी रीत सांगितली आहे. गुडघाभर खोल खड्डा खणावा व निघालेली माती त्यातच परत भरावी. माती उरली तर भूमी उत्तम, बरोबर भरली तर मध्यम, आणि कमी पडली तर ती जागा टाकून द्यावी. आजची भूमी निराळ्या खड्ड्यांत परीक्षावी लागते. तथापि सूत्रकारांचा क्रम आजही खरा आहे. आधी भूमी, मग भिंत, आणि शेवटी कुलूप. हा क्रम उलटा केला म्हणजे काय होते, ते ह्याच पट्ट्यातील एका ताज्या उदाहरणावरून वाचकांस दिसेल.

नदीची रेषा

चिखली येथे इंद्रायणीच्या काठी ३६ बंगले उभे होते. ते नदीच्या निळ्या पूररेषेच्या आत बांधले गेले होते. प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे गेले. न्यायाधिकरणाने २०२४ साली ती बांधकामे काढून टाकण्याचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयाकडूनही त्यास दिलासा मिळाला नाही, आणि १७ मे २०२५ रोजी महानगरपालिकेच्या यंत्रांनी ते बंगले जमीनदोस्त केले. एका दिवसात छत्तीस चुली विझल्या. घराच्या दाराला भक्कम कुलूप असेल, खिडक्यांना गज असतील. परंतु ज्या भूमीवर दार उभे आहे तीच जर नदीची असेल, तर कुलपाचा उपयोग तो काय?

निळी रेषा म्हणजे काय, हे पुष्कळ सुशिक्षितांसही ठाऊक नसते. पंचवीस वर्षांतून सरासरीने एकदा येणाऱ्या पुराचे पाणी जेथवर पोहोचते, ती सामान्यतः निळी रेषा. आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा ती तांबडी रेषा. नदीपात्र व निळी रेषा ह्यांमधील पट्टा निषिद्ध मानला जातो, म्हणजे तेथे घर बांधावयाचे नाही. निळी व तांबडी ह्यांमधील पट्ट्यात अटी पाळून बांधता येते. ‘शंभर वर्षांतून एकदा’ ह्याचा अर्थ ‘आपल्या हयातीत नाही’ असा कित्येक जण लावतात. परंतु पुराला पंचांग नसते. दर वर्षी येणाऱ्या शंकेचा तो शंभरावा हिस्सा आहे, आणि ती शंका दर वर्षी नव्याने उभी राहते. २०१९ च्या ऑगस्टात व २०२४ च्या जुलैत पवना, मुळा ह्या नद्यांनी काठच्या वस्त्यांना ह्याची आठवण करून दिली. चिंचवडचे मोरया गोसावींचे समाधिमंदिर पवनेच्या अगदी काठी आहे, व मोठ्या पुरात तेथे पाणी शिरते. देवाच्या घरी नदी येते ती पाहुणी म्हणून, ओसरून जाते. आपल्या तळमजल्यावर येईल तेव्हा ती धान्य, गाद्या, मुलांची पुस्तके व विजेच्या पेट्या ह्यांतून वाट काढील.

ही परीक्षा करण्यास काही मोठी विद्या लागत नाही. भूखंडाचा किंवा सर्व्हे क्रमांकाचा झोन दाखला व विकास योजनेचा भाग-नकाशा मागवावा, आणि त्यावर पूररेषा, नियोजित रस्ता व आरक्षण कोठून जाते ते पाहावे. दुसरे, जागा उन्हाळ्यात पाहिली असेल तर आषाढात पुन्हा पाहावी. तिसरे, त्या गावातील एखाद्या वृद्धास विचारावे की, मोठ्या पुरात पाणी कोठवर आले होते. नकाशा एखादे वेळी हाती येण्यास विलंब लागेल. वृद्धाचे बोट मात्र त्याच क्षणी उठते.

कागदांची परीक्षा

‘दस्त नोंदला गेला, वीज आली, नळ आला, घरपट्टीची पावतीही माझ्याच नावाची आहे, आता भय कसले?’ असा एक समज ह्या भागात रूढ आहे. हा समज घातक आहे. दस्त नोंदविणारा अधिकारी मुद्रांक शुल्क पाहतो, सह्या व ओळख पाहतो. विकणारा खरा मालक आहे की नाही आणि बांधकामाला परवानगी आहे की नाही, ह्याची हमी तो देत नाही. घरपट्टी ही तर कराची पावती, परवानगीचा दाखला नव्हे. येथील अनधिकृत बांधकामांवर जो शास्तीकर बसविला जात असे, तो राज्य सरकारने २०२३ साली माफ केला. परंतु कर माफ झाला म्हणजे बांधकाम अधिकृत झाले, असे त्या माफीने ठरत नाही.

आमचा एक जुना विद्यार्थी चाकणच्या एका कारखान्यात देखभाल खात्यात आहे. त्याला दोन गुंठ्यांचा एक भूखंड स्वस्तात मिळत होता, आणि आईने पाटल्या मोडण्याची तयारी केली होती. तो कागद घेऊन आमच्याकडे आला. सातबारा पाहिला, तर जमीन एकाच शेतकऱ्याच्या नावे, तुकडे पाडण्यास कोणाची मंजुरी नाही, आणि इतर हक्कांच्या रकान्यात एका पतसंस्थेचा बोजा. मध्यस्थ आम्हांस म्हणाला, “मास्तर, इथं सगळ्यांनीच असं घेतलंय.” आम्ही त्याला एवढेच म्हणालो की, झोन दाखला व मंजूर रेखांकन आणून दाखवा, पैसे त्याच दिवशी देऊ. तीन आठवडे तो ‘उद्या’ म्हणत राहिला, आणि पुढे त्याचे येणेच बंद झाले. पाटल्या अजून त्या माउलीच्या हातात आहेत. शेतजमिनीचे तुकडे पाडण्यावर १९४७ च्या कायद्याने निर्बंध घातले, व त्या कायद्यात वेळोवेळी बदल झाले आहेत. तेव्हा एक-दोन गुंठे घेणाऱ्याने मध्यस्थाच्या मुखातून नव्हे, तर तहसील कचेरीतून त्या वेळचा नियम समजून घ्यावा. प्राधिकरणाच्या भूखंडांविषयीही एक गोष्ट ध्यानी ठेवावी, ती ही की ते ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेले आहेत. ह्यास्तव पट्ट्याची किती वर्षे उरली व हस्तांतरणाच्या अटी काय, हे आधी वाचावे. प्राधिकरण २०२१ साली विसर्जित झाले; पट्ट्याच्या अटी मात्र त्याबरोबर गेल्या नाहीत.

इमारतीतील घर घेणाऱ्यास २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने चांगले बळ दिले आहे. महारेराच्या नोंदणीत प्रकल्पाची जागा, मंजुऱ्या, पुरा होण्याची तारीख व चालू असलेले वाद कोणासही पाहता येतात. नोंदणीकृत करारनामा केल्यावाचून बांधणाऱ्यास किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशांतील सत्तर टक्के रक्कम त्याच प्रकल्पाच्या जमिनीसाठी व बांधकामासाठी निराळ्या खात्यात ठेवावी लागते. किंमत सांगावयाची ती चटई क्षेत्रावर, म्हणजे घराच्या आतील वापराच्या जागेवर. बाहेरची भिंत व सज्जा त्यात धरावयाचा नाही. ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामात दोष निघाला, तर तो विनामूल्य दुरुस्त करून द्यावा लागतो. आणि ठरलेल्या तारखेस ताबा दिला नाही, तर ग्राहकास पैसा व्याजासह परत मागता येतो. एवढे बळ हाती असताना ‘ओळखीचा माणूस आहे’ ह्या एका वाक्यावर कोऱ्या पावतीवर पैसे देणे, हे भोळेपण नव्हे, तर कुटुंबावरील अन्याय होय.

भोगवटा प्रमाणपत्रावाचून किल्ली घेऊ नये. त्यावाचून राहावयास जाणे म्हणजे लग्न लागण्यापूर्वीच वरात काढणे होय. मागील तीस वर्षांचा मालकीचा शोध स्वतंत्र वकिलाकडून करून घ्यावा, बांधणाऱ्याने सुचविलेल्याकडून नव्हे. ताब्यानंतर गृहनिर्माण संस्था स्थापन झाली की जमिनीचे अभिहस्तांतरण तिच्या नावे होते की नाही, ह्याचा पाठपुरावा सर्वांनी मिळून करावा. आमच्या भगिनींसाठी आणखी एक गोष्ट. घर केवळ स्त्रीच्या नावे घेतल्यास महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत ठेवलेली आहे. सवलत लहान आहे. पण ज्या घरी आईच्या पाटल्या मोडल्या, त्या घराच्या कागदावर एका स्त्रीचे नाव असणे हे आम्हांस न्यायाचे वाटते.

घरात गेल्यावर

कागद शुद्ध झाले म्हणजे अर्धे रक्षण झाले. उरलेले अर्धे रोजच्या सवयींत आहे. ३० ऑगस्ट २०२३ च्या पहाटे चिखलीतील पूर्णानगरात एका हार्डवेअरच्या दुकानास आग लागली, आणि तेथेच झोपलेले एका कुटुंबातील चौघे प्राणास मुकले. दुकान व बिछाना एका छताखाली असतात, बाहेर पडण्यास एकच वाट असते, आणि त्या वाटेवरच आग असते; मग चोरापासून राखण्यासाठी लावलेले दारच वैरी होते. आपल्या इमारतींतही हीच चूक निराळ्या रूपाने दिसते. सज्जाला पक्की जाळी ठोकलेली, जिन्यात जुनी कपाटे व चपलांची मांडणी, आणि गच्चीच्या दाराला कुलूप. जाळीत एक उघडणारी चौकट ठेवावी व तिची किल्ली घरातील सर्वांस ठाऊक असलेल्या खिळ्यावर टांगावी. जिना मोकळा ठेवावा. इमारतीतील अग्निशामक योजना चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र २००६ च्या कायद्याप्रमाणे वर्षातून दोनदा, जानेवारीत व जुलैत, द्यावयाचे असते. संस्थेच्या सभेत चहापानापूर्वी हा प्रश्न विचारावा.

स्वयंपाकघराची गोष्ट भगिनी आमच्याहून अधिक जाणतात. तरी दोन शब्द सांगतो. सिलिंडरमधील वायू हवेहून जड असल्याने तो जमिनीलगत साचतो. नळाने येणारा नैसर्गिक वायू हलका असल्याने छताकडे जातो. वास येताच प्रथम वायू बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, आणि विजेच्या कोणत्याही बटणास, पंख्याच्यादेखील, हात लावू नये. मग बाहेर जाऊन १९०६ ह्या क्रमांकावर कळवावे. आग लागल्यास १०१. नळी पाच वर्षांनी बदलावी. स्नानगृहातील गॅसचा बंब ही तर झाकलेली आपत्ती आहे. हवा खेळती नसेल तर त्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू साचतो, ज्यास ना रंग ना वास. असा बंब स्नानगृहाबाहेर, मोकळ्या हवेत असावा.

विजेच्या पेटीत जमिनीकडे गळणारा प्रवाह ओळखून पुरवठा तोडणारे यंत्र असते. ३० मिलिअँपिअरचे असे यंत्र आपल्या घरी आहे काय, हे पाहावे आणि महिन्यातून एकदा त्यावरील परीक्षेची कळ दाबून ते तुटते ना, ह्याची खात्री करावी. विजेवर चालणारी दुचाकी किंवा तिची बॅटरी रात्री दाराच्या वाटेत भारित करू नये. रात्रपाळीस जाणारी माणसे ज्या घरी आहेत, तेथे तर ही शिस्त दुप्पट हवी. कारण रात्री घरी उरतात ती मुले व वृद्ध, आणि संकटाच्या वेळी पेटी कोठे आहे हे नेमके त्यांनाच ठाऊक नसते.

म्हणून गृहप्रवेशाच्या दिवशी गणेशपूजन, वास्तुशांती जे करावयाचे ते अवश्य करावे. परंतु त्यापूर्वी अर्धी घटका काढून घरातील आजीपासून नातवापर्यंत सर्वांस घरभर फिरवावे. ही विजेची मुख्य कळ, हा गॅसचा खटका, ही जाळीची किल्ली, हा जिना, आणि ह्या पेटीत घराचे कागद. नातवाकडून ते एकदा म्हणवून घ्यावे, आणि मगच कलश उचलावा.