हैतीच्या इतिहासातील ‘ज्याँ’
फ्रेंच वसाहतीच्या वारशामुळे हैतीत ‘ज्याँ’ हे नाव सर्रास आढळते. गुलामगिरीतून वर आलेले सेनानी ज्याँ-जाक देसालीन यांनी १ जानेवारी १८०४ रोजी हैतीचे स्वातंत्र्य घोषित केले. १८०६ मध्ये त्यांची हत्या झाली. राष्ट्राध्यक्ष ज्याँ-पियेर ब्वाये यांनी १८२५ मध्ये फ्रान्सच्या युद्धनौकांच्या धाकाने १५ कोटी फ्रँकची भरपाई मान्य केली. त्या कर्जाने देश पिढ्यान्‌पिढ्या पिचला. विचारवंत ज्याँ प्राइस-मार्स यांनी १९२८ मधील ग्रंथातून आफ्रिकी मुळांच्या लोकसंस्कृतीला प्रतिष्ठा दिली. एकोणिसाव्या वर्षी सत्तेवर आलेला हुकूमशहा ज्याँ-क्लोद दुव्हालिए १९८६ मध्ये परागंदा झाला. डिसेंबर १९९० च्या निवडणुकीत धर्मगुरू ज्याँ-बेर्त्राँ आरिस्तिद राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. पुढच्याच वर्षी लष्कराने त्यांना पदच्युत केले.