दारू एकदम सुटते तेव्हा

नागपूरहून रेल्वेने तासाभरात वर्धा. तिथे दारूबंदी, पलीकडे गडचिरोलीतही १९९३पासून. रोज पिणारा माणूस तिकडे लग्नाला जातो, दोन दिवस घोट मिळत नाही आणि सकाळी चहाचा कप तोंडाशी नेताना अर्धा चहा बशीत सांडतो. घरचे म्हणतात, अशक्तपणा आहे. खरं कारण मेंदूत असतं.

दारू मेंदूतल्या शांत करणाऱ्या ‘गाबा’ या रसायनाचा जोर वाढवते आणि उत्तेजित करणाऱ्या ग्लुटामेटला दाबते. वर्षानुवर्षं असं चाललं की मेंदू तोल सांभाळायला उत्तेजना वाढवून ठेवतो. दारू थांबते, ती वाढलेली उत्तेजना मात्र तशीच राहते. मग हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. काहींना पहिल्या दोन दिवसांत झटके येतात. दोन-तीन दिवसांनी भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात. हे भुताटकीचं काम नाही आणि नाटक तर नाहीच. वेळेत उपचार न मिळाल्यास जीव जाऊ शकतो.

दुसरा घाव ‘बी-१’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा. जेवण टाळून पिणाऱ्याची चाल अडखळते, डोळ्यांची हालचाल बिघडते, तो गोंधळतो. तेव्हा ‘उतरेल’ म्हणून झोपवून ठेवू नका, नागपुरातल्या ‘मेडिकल’ किंवा ‘मेयो’ या सरकारी रुग्णालयात न्या. उशीर झाला तर नव्या आठवणी साठवण्याची ताकदच कायमची जाऊ शकते. मुलगी सकाळी भेटून गेली, हेही संध्याकाळी आठवत नाही.

सल्ल्यासाठी टेलि-मानस : १४४१६